चौरंगाखालची बॅटरी

"यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, उत्तमराव. मी स्वतः तिथं नसतो, तर मीच ठेवला नसता."

एवढं बोलून हिम्मतरावांनी खुर्ची पलंगाच्या आणखी जवळ ओढली, रुमालाने कपाळ पुसलं आणि थोडा वेळ घेतला. एरवी असा वेळ ते ऐकणाऱ्याची उत्सुकता ताणायला घेत. आज पुढचं वाक्य सुचत नव्हतं म्हणून घेतला. नल्लकुंट्याची ती खोली त्यांच्या पायाखालची. दीड वर्षापूर्वी उत्तमरावांची उजवी बाजू गेली, तेव्हापासून दर बुधवारी नि शनिवारी ते इथे येत आणि मैनेचं वर्तमान सांगत. मैना म्हणजे उत्तमरावांची मोटारबोट. आज पलंगावर उत्तमराव उशीला टेकून बसले होते. मांडीवर स्टीलचं ताट उभं धरलं होतं आणि मेलेला उजवा हात डाव्याच्या आधाराने ताटाच्या काठावर ठेवून ते ताट डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे फिरवत होते.

हा व्यायाम त्यांनी स्वतः शोधला होता. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला होता, तो उत्तमरावांनी पलंगाखाली जाऊ दिला. ताट मात्र रोज दोनशे वेळा फिरे, कारण ते ताट नव्हतं, मैनेच्या सुकाणूचं चाक होतं. हात नीट झाला की ते धक्क्यावर जाणार होते, दुसरं काही त्यांनी मागितलंच नव्हतं. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून ते ताट जेवायला कोणी घेत नसे.

आणि मैना तर गेली होती. आज तिला जाऊन सोळा दिवस झाले होते.

हिम्मतराव रेल्वेचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले, काचीगुड्याचे, वय एकाहत्तर. थापा मारण्यात त्यांचा हात धरणारा स्टेशन ते बरकतपुरा कोणी नव्हता. गाडीपुढे आलेल्या अस्वलाने त्यांचा हिरवा बावटा हिसकावून स्वतः गाडी सोडली, ही गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली होती, की अस्वलाचं नाव पोरांना पाठ होतं. पण बोटीच्या कामात माणूस सरळ होता. उत्तमरावांनी एकोणतीस वर्षांपूर्वी क्लबात निकालात काढलेली ही सतरा फुटी बोट घेतली, तेव्हा कामं वाटून घेतली गेली. इंजिन, शाफ्ट, शाफ्टच्या भोकातून पाणी आत येऊ नये म्हणून भरलेली ग्लँड, पंखा, म्हणजे खालच्या खड्ड्यातलं सगळं उत्तमरावांचं, कारण ते वर्कशॉपचे माणूस. दोर, ताडपत्री, पंप आणि बॅटरी हिम्मतरावांची. उत्तमराव खड्ड्यात दुसऱ्याला डोकावू देत नसत. हिम्मतरावांनाही त्या काळ्या तेलात डोकावण्याची हौस नव्हती.

हुसेनसागराच्या सिकंदराबादेकडच्या अंगाला क्लबचा धक्का होता आणि त्यात दोन फळ्यांच्या मधली, पाण्यातली जागा मैनेची. जुनी बोट पाण्यात नुसती बांधून ठेवायची म्हणजे म्हातारं माणूस सांभाळण्यासारखंच. बाहेरून काही दिसत नाही, आत रोज काहीतरी होत असतं. नाल्याचं पाणी आलं की तलाव वीतभर चढतो, तूम, म्हणजे बांधाचा दरवाजा, उघडला की उतरतो, म्हणून दोर कधी आखडून बांधायचा नाही. ताडपत्रीखाली मध्ये बांबू उभा करायचा, नाहीतर पाऊस तिच्यात डबकं करून बसतो आणि सगळं डबकं एकदम आत ओततो. पंपाच्या तोंडातली जलपर्णी काढायची. बोटीच्या बुडाशी एक फ्लोट होता, घरच्या टाकीत असतो तसला. आत चार बोटं पाणी साचलं की तो वर उचलला जाई, पंप आपोआप सुरू होई आणि पाणी बाहेर फेकी. हिम्मतराव दर खेपेला तो फ्लोट हाताने उचलत, पंपाचं घुर्र ऐकत आणि मगच घरी जात. सगळा जीव त्या घुर्रमध्ये होता आणि घुर्रचा जीव बॅटरीत.

ती बॅटरी त्यांनी गणपतीला दिली.

झालं असं. काचीगुड्याच्या मराठी मंडळाची सभा भरली होती. सेक्रेटरी युवराज, वय बेचाळीस, बापाचं कापड-दुकान सांभाळणारा, म्हणाला की यंदा लाइट फार जायलीय, आरतीच्या मधेच माइक बंद पडतो, तेलुगू मंडळवाले हसतात. हिम्मतराव मागे बसून चहा पीत होते. त्यांना बोलायची काही गरज नव्हती. पण ते बोलले, की आमच्या मैनेची बॅटरी अशी आहे, की तिच्यावर सगळा काचीगुडा तीन दिवस उजळेल आणि उरलेल्यात लिंगमपल्लीला झोपेपुरता उजेड देता येईल.

"मग आणा की काका," युवराज म्हणाला. "दहा दिवसांचा तर सवाल है."

सगळी सभा त्यांच्याकडे बघत होती. एकाहत्तराव्या वर्षी माणसाला शब्द मागे घेता येत नाही. आणि मनात असंही आलं, की विघ्नहर्त्याचं काम आहे, त्याच्या कामाला गेलेल्या वस्तूच्या मागे तो काही विघ्न ठेवणार नाही. यंदा पाऊसही ओढ दिल्यासारखा होता. त्यांनी बॅटरी रिक्षात घालून आणली आणि मुलांनी ती नजरेआड असावी म्हणून चौरंगाखालच्या पोकळ खोक्यात ठेवली, वायरी मागून काढल्या, वर मूर्ती बसवली. भटजींनी प्राणप्रतिष्ठा केली.

चौथ्या दिवशी दुपारी पाऊस आला. नुसता आला नाही, दोन तास ठाण मांडून बसला. हिम्मतराव मंडपात धावले.

"युवराज, बॅटरी दे."

"काका, कैसी देऊ? वर बाप्पा आहे."

"मूर्ती जरा उचला. चार जणं उचला, मी खालून ओढतो."

युवराजने आजूबाजूला पाहिलं. मंडपात दहा-बारा बायका दूर्वा निवडत होत्या. "प्रतिष्ठा झालेली मूर्ती उत्तरपूजेच्या आधी हलवायची? तुम्हीच सांगा या वहिनींना. मी नक्को बाबा. उद्या कोणाचं पोट दुखलं तरी माझ्या नावावर."

हिम्मतरावांनी बायकांकडे पाहिलं आणि ते मंडपाबाहेर पडले. दुसरी बॅटरी का आणली नाही, असं कोणीही विचारील. ते स्वतःही रोज विचारत. उत्तर असं, की दुसरी आणायला जायचं म्हणजे पहिली गेली हे आधी मान्य करायचं. त्यापेक्षा बादली सोपी. ते रोज बस बदलून धक्क्यावर गेले, ताडपत्री उचलून आत उतरले आणि बादलीने पाणी उपसलं. आठव्या दिवशी कंबर धरली. नवव्या दिवशी कंबरेला तेल लावून गेले. क्लबचा चौकीदार अंबाजी नांदेडकडचा. तो म्हणाला, "सायब, मी उपसू का?" हिम्मतराव म्हणाले, "हे माझं काम हाय." नंतर तेवढं एक वाक्य त्यांना सगळ्यात जास्त सलत राहिलं.

अकराव्या दिवशी अनंत चतुर्दशी. सकाळी उत्तरपूजा झाली, मूर्ती हलली, खोकं उघडं झालं. बॅटरी मोकळी होती. हिम्मतरावांनी ती उचलायला हात घातला. रिक्षा केली असती, तर रस्ते बंद व्हायच्या आत पोचले असते.

"काका, लॉरीवर माइक ह्याच्यावरच चालायचाय," युवराज म्हणाला. "आणि माइकवर तुम्ही. तुमच्याशिवाय कोण आहे आपल्याकडं? तेलुगूवाल्यांचा तो डीजे, आपला तुम्ही." आणि त्याने माइक त्यांच्या हातात दिला.

एवढंच. कोणी धमकी दिली नाही, कोणी अडवलं नाही. हातात माइक आला आणि हिम्मतराव लॉरीवर चढले.

काचीगुड्याहून टँकबंडापर्यंत, म्हणजे हुसेनसागराच्या बांधावरच्या रस्त्यापर्यंत, लॉरीला पाच तास लागले आणि पाचही तास ते बोलत होते. अस्वल सांगितलं. मग मैनेच्या गोष्टी सुरू केल्या. मैना एकदा हुसेनसागरात इतकी वेगाने गेली, की तलावामधल्या बुद्धाच्या पुतळ्याने मान वळवून पाहिलं. पोरं हसत होती, नारायणगुड्याच्या बाल्कन्यांतून लोक हात हलवत होते. दोन वाजता टँकबंडावर पाऊस आला. लोक नाचायला लागले. हिम्मतराव भिजत बोलत राहिले. खिशात फोन वाजत होता. माइकसमोर उभ्या माणसाला खिशातला फोन ऐकू येत नाही.

क्रेनने त्यांचा बाप्पा उचलून पाण्यात सोडला तेव्हा त्यांनी फोन पाहिला. अंबाजीचे नऊ कॉल.

"सायब," अंबाजी पलीकडून म्हणाला, "ताडपत्रीचा बांबू पडलाय. नाव मागून बसायली. मी बादली घेऊन उतरलो व्हतो, पण माझ्या वजनानं अजूनच बसायली. काय करू?"

टँकबंडाच्या कठड्यावरून क्लबचा धक्का दिसतो, हाताच्या अंतरावर असल्यासारखा. मध्ये पाणी. रस्त्याने जायचं तर सगळं बंद, गणपतींची रांग, बॅरिकेड, लाखभर माणूस. हिम्मतरावांनी बॅटरी लॉरीवरून उतरवली, खांद्यावर घेतली, शंभर पावलं गेले, खाली ठेवली. पुन्हा घेतली. बॅटरीचं ॲसिड सांडून सदऱ्याला भोकं पडली. एका पोलिसाने विचारलं, ये क्या है, आणि त्यांनी खरं सांगितलं, आणि तो हसला. पोचेस्तोवर तीन तास गेले.

मैनेचं नाक तेवढं वर होतं. पुढचा दोर ताणलेला, बाकी सगळी पाण्याखाली. भोवती तेलाचा रंगीत पट्टा. त्यात झेंडूची फुलं तरंगत होती. अंबाजी छातीपर्यंत पाण्यात उभा होता आणि दोर धरून होता. काही उपयोग नव्हता, पण सोडवत नसावं. हिम्मतरावांनी बॅटरी फळीवर ठेवली.

तेल पसरतंय, बोट लगेच काढा, असं क्लबने कळवलं. सगळ्या क्रेन बंडावर गणपतींचे सांगाडे काढण्यात गुंतल्या होत्या. चौथ्या दिवशी एका ठेकेदाराची आली. क्रेनवाल्याने वरून विचारलं, "इदि मीदेना सार?" तुमचीच का ही.

"माझ्या मित्राची," हिम्मतराव म्हणाले. "आधी आतलं पाणी काढा. भरलेली उचलली तर वजन पेलणार नाही तिला. आणि साखळी नको, रुंद पट्टा लावा."

"पट्टा नहीं सार. साखळी है. पीछे चालीस गणपती बाकी हैं."

साखळीनेच उचलली. पाण्याने भरलेली मैना हातभर वर आली, मधोमध वाकली आणि आवाज न करता दोन झाली. इंजिनाकडचा भाग परत पाण्यात गेला, तो वेगळा काढला. दोन्ही तुकडे ज्या लॉरीत पडले, तिच्यात आधीच लोखंडी सळया आणि प्लास्टरचा एक भलामोठा हात होता, आशीर्वाद देणारा. आठवड्यात ती जागा दुसऱ्या कोणाच्या बोटीला दिली गेली.

हे सगळं उत्तमरावांच्या बायकोला, पार्वतीबाईंना, ठाऊक होतं. हिम्मतरावांनी त्यांना स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून सांगितलं होतं, एकही शब्द न वाढवता, आणि त्या गॅस बंद करून ऐकत राहिल्या होत्या. उत्तमरावांची लेक गीताही तिथेच होती.

"पपांना सांगून टाकावं, काका," गीता म्हणाली होती. "नंतर कळलं तर?"

"नाही," पार्वतीबाई म्हणाल्या. "भाऊजी, काल त्यांचा अंगठा हलला. पहिल्यांदा. नाव गेली म्हटल्यावर ते ताट खाली ठेवतील नि पुन्हा उचलणार नाहीत. मी त्यांना ओळखते. तुम्ही इतकी वर्षं कोणाकोणाला काय काय सांगितलंत. एवढं एक सांगा."

सोळा दिवस हिम्मतराव तापाचं निमित्त सांगून या खोलीत फिरकले नव्हते, आणि आज आले. नाव बरी आहे, एवढं साधं वाक्य त्यांना पुरलं असतं, असं वाटेल. पण हिम्मतरावांच्या तोंडून साधं वाक्य आलं असतं, तर उत्तमरावांना तिथेच शंका आली असती. सोळा दिवसांनी आलेला हिम्मतराव मोठीच थाप घेऊन यायला हवा होता.

"बोल," उत्तमराव म्हणाले. त्यांचे शब्द अजून जड येत, एकेक उचलून ठेवल्यासारखे. ताट फिरत होतं.

"विसर्जनाचा दिवस," हिम्मतरावांनी सुरुवात केली. "पाऊस असा की बंडावरचा माणूस शेजारच्याला दिसेना. मी मैनेवर. पंप चालू, घुर्र, घुर्र, जसा काही जावई सासऱ्याच्या घरी घोरतोय. तेवढ्यात काय, क्रेनचा दोर तुटला. एकवीस फुटी गणपती, कोठीच्या व्यापाऱ्यांचा, वरून सुटला नि पाण्यात पडला, पण बुडेना. उभा तरंगायला लागला आणि निघाला बुद्धाकडं. लोक ओरडायले. युवराज बंडावरून माइकवर म्हणाला, हिम्मतकाका, आता तुम्हीच."

उत्तमरावांच्या तोंडाची चांगली बाजू हसली. दाराआड पार्वतीबाई उभ्या होत्या. गीता चहाचा कप घेऊन पलंगाजवळ थांबली होती.

"मी इंजिन लावलं," हिम्मतराव म्हणाले.

ताट थांबलं. "लावलं?"

"लावलं. दीड वर्ष झोपलेलं इंजिन, पण तुझ्या हातचं ते. एका झटक्यात उठलं. गणपतीच्या सोंडेला दोर टाकला, मैनेला बांधला आणि ओढत ओढत परत बंडाकडं. अर्धा तास, उत्तमराव. अर्धा तास मैना एकवीस फूट गणपती ओढत होती. बुद्धाजवळून गेलो तेव्हा दोघांनी एकमेकांना बघितलं, मी शपथेवर सांगतो. बंडावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. डीजेवाल्यांनी डीजे बंद केला."

"मग?"

"मग काय, विसर्जन केलं आणि तिला जागेवर आणून बांधली. दोर ढिला ठेवला, तलाव चढला होता."

उत्तमरावांनी डोळे मिटले. हिम्मतरावांना वाटलं, झालं. त्यांनी गीताच्या हातून कप घेतला. इथे थांबायला हवं होतं. पण आजाऱ्याशी बोलताना माणूस चमचाभर साखर जास्त घालतोच. मित्राने दीड वर्ष ज्या खड्ड्याची काळजी केली, त्या खड्ड्याबद्दलही चार शब्द बरे सांगावेत असं हिम्मतरावांना वाटलं.

"आणि तुला सांगतो," ते म्हणाले, "एवढी चालली, तर म्हटलं तुझा खड्डाही बघावा. इंजिन चालूच होतं. फळी उचलली, टॉर्च मारला नि जिथून शाफ्ट बाहेर जातो ना, तिथं ग्लँडला हात लावला. ठणठणीत कोरडी. अर्ध्या तासात एक थेंब आला नव्हता, उत्तमराव. अशी भरली होतीस तू ती. एक थेंब नाही."

उत्तमरावांनी डोळे उघडले. बराच वेळ ते हिम्मतरावांकडे पाहत होते. रागाने नाही. खाटेवरच्या माणसाला दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहायला वेळ असतो. मग त्यांनी डाव्या हाताने उजवा हात ताटावरून सोडवला आणि मांडीवर ठेवला.

"शाफ्ट फिरताना," ते म्हणाले, आणि थांबले, आणि पुन्हा सुरुवात केली, "ग्लँड थेंब सोडतेच. मिनिटाला दोन. तिला पाणी लागतं, नाहीतर जळते. कोरडी ग्लँड... जमिनीवरच्या बोटीची असते." ताट मांडीवरून घसरून चादरीवर आडवं झालं. "खोटं बोलायलास, हिम्मत. मैना पाण्यात नाही."